हुपरीहून विंध्यगिरीपर्यंत

पंचगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात हुपरी वसली आहे. तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर. जवळच कर्नाटकाची हद्द. भोवताली उसाचे मळे असले तरी या गावाचा संसार चालतो तो चांदीवर. एका घरी चांदी आटवली जाते, दुसऱ्या घरी तिची तार ओढली जाते, तिसऱ्या घरी कड्या जुळतात, चौथ्या घरी घुंगरू लागतात आणि शेवटी झिलई होऊन पैंजणाची जोडी पेढीवर येते. एक दागिना पुरा होईपर्यंत निम्मे गाव फिरून आलेला असतो. त्यातले कितीतरी काम घराच्या सोप्यात, बायकांच्या हातून होते. दुपारी एखाद्या गल्लीतून जाताना पुढ्यात परात घेऊन कड्या गुंफीत बसलेल्या बायका दिसतात. बोटे चालू असतात आणि बोलणेही.

या बायकांमध्ये, आणि विशेषतः पेढीवाल्यांच्या घरांत, आज सत्तरीला टेकलेली अशी एखादी आजी भेटते की जिच्या ट्रंकेत रेशमी वस्त्रांच्या तळाशी शिवाजी विद्यापीठाचे पदवीपत्र घडी करून ठेवलेले असते. हे विद्यापीठ 1962 साली कोल्हापुरात स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आसपासच्या गावांतल्या मुली एस. टी.ने इचलकरंजीला, किंवा वसतिगृहात राहून कोल्हापूरला, कॉलेजात जाऊ लागल्या. जैन समाजात मुलग्यांच्या शिक्षणाची सोय त्याआधीच झाली होती. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात 1901 साली दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले होते. मुलींसाठी मुंबईत मगनबाईंनी, सोलापुरात सुमतिबाई शहांनी श्राविकाश्रम चालवून वाट पाडली. पण खेड्यातल्या व्यापारी घरातून मुलगी कॉलेजला पाठवायची, तर बापाला चार माणसांचे बोलणे ऐकून घ्यावे लागे.

पदवी मिळाली आणि लग्न झाले. नोकरीचा विषय बहुतेक घरांत निघालाच नाही. त्या पदवीचे पुढे काय झाले, याचे उत्तर पेढीच्या चोपड्यांत सापडते. कोणाकडे किती चांदी कामाला दिली, किती परत आली, घट किती धरायची, टंच काय निघाला, मजुरी कोणाची राहिली, हा सारा हिशेब अनेक घरांत सासूबाईंच्या अक्षरात आहे. पुरुष माल घेऊन परगावी गेले की पेढी त्याच सांभाळीत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नव्या पद्धतीची बिले समजून घ्यायला पहिल्यांदा चष्मा पुसून बसल्या त्या याच. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘आणि सन्स’ असेच रंगवलेले असते. ‘आमची आई शिकलेली आहे’ असे मुले अभिमानाने सांगतात. पाटी बदलण्याचे कोणाच्या मनात आलेले नसते, आणि खरे तर ते यायला हवे होते.

या वर्गमैत्रिणी एकमेकींना सोडीत नाहीत, हे हुपरीचे आणि तिच्या पंचक्रोशीचे एक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. एक हुपरीत दिलेली, एक इचलकरंजीला, एक निपाणीकडे, एखादी थेट सांगलीला. लग्नकार्यात, पंचकल्याणिक पूजेत, दशलक्षण पर्वातल्या प्रवचनाला त्यांची गाठ पडते. याच तालुक्यातले कुंभोजचे बाहुबली हे त्यांचे नेहमीचे ठिकाण. 1963 साली प्रतिष्ठापित झालेली तिथली अठ्ठावीस फुटी मूर्ती त्यांनी तरुणपणी नवी असताना पाहिली आणि आता नातवंडांना दाखवायला नेतात. सकाळी जाऊन सूर्यास्ताच्या आत जेवणासाठी घरी परतता येते, म्हणून त्या प्रवासाला कोणाची हरकत नसते.

हरकत येते ती श्रवणबेळगोळचे नाव निघाले की. दिवाळी आणि लग्नसराईत चांदीच्या पेढीला श्वास घ्यायला फुरसत नसते. चातुर्मासात व्रतवैकल्ये, त्यागींचा आहार, चौका. मधला काळ काढावा तर भाव उसळतो. अलीकडे किलोला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून तर घरचे कर्ते पुरुष रात्री नीट झोपत नाहीत. ‘आई, आत्ताच कशाला? गुडघे साथ देणार आहेत का?’ या प्रश्नात माया असते आणि थोडी सोयही असते. आई चार दिवस नसली की चोपडी कोण पाहणार, हा त्यातला न बोललेला भाग. अशा वेळी सून पुढे होऊन ‘मी बघते, तुम्ही जाऊन या’ म्हणते, त्या घरात पेढीचा वारसा त्याच क्षणी ठरून जातो. पैसे बहुधा कोणाकडे मागावे लागत नाहीत. फावल्या वेळात कड्या गुंफून साठवलेल्या मजुरीवर एक जागा सहज निघते.

मग एका पहाटे लहान बस सुटते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, पाणी गाळायचे स्वच्छ फडके. कागलला महामार्ग लागतो. निपाणीच्या पुढे स्तवनिधीला पहिला थांबा ठरलेला. दर्शन होते आणि एखादीला आठवते की 1899 साली याच क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचा पाया घातला गेला. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी 1204 सालची, रट्टांचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. छतातून खाली झुकलेले दगडी कमळ बघताना माना दुखतात, पण खाली बघवत नाही. इथून पुढे पाट्या कानडी. ज्यांचे माहेर चिकोडी-अथणीकडचे, त्या भराभर वाचून दाखवतात आणि बसमध्ये त्यांचा मान वाढतो.

गदगजवळचे लक्कुंडी हे गाव यात्रेच्या ठराविक वाटेवर येत नाही. तरी तिकडे गाडी वळवावी. तिथले ब्रह्मजिनालय 1007 साली अत्तिमब्बे या श्राविकेने उभारले. तरुण वयात वैधव्य आलेली ही स्त्री ‘दानचिंतामणि’ म्हणून कर्नाटकात ओळखली जाते. रन्न कवीला तिचा आश्रय होता. आणि पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात हजार प्रती म्हणजे किती ताडपत्रे, किती लेखक आणि किती दिवसांची मजुरी, हा हिशेब हुपरीच्या बायकांना सांगावा लागत नाही. कामाची वाटणी घरोघर करून एक वस्तू कशी पुरी होते, हे त्यांना हातांनी ठाऊक आहे.

श्रवणबेळगोळला आधी चंद्रगिरी चढावी, ती सोपी आहे. श्रुतकेवली भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांची स्मृती या टेकडीशी जोडलेली. तिथेच होयसळ राणी शांतलादेवीने 1123 साली बांधलेली सवतिगंधवारण बसदी आहे. नावाचा अर्थ सवतींना मदोन्मत्त हत्तीसारखी असलेली. ते बिरुद राणीचेच. कानडीतली ‘सवति’ आणि मराठीतली सवत एकच, हे लक्षात येताच बायकांमध्ये जो हशा पिकतो, तो त्या शांत टेकडीला जरा जास्तच होतो.

विंध्यगिरीची गोष्ट वेगळी. सहाशेहून अधिक पायऱ्या, सरळ कातळात खोदलेल्या, आणि त्या अनवाणी चढायच्या. डोली मिळते. पण डोलीत बसायचे की नाही, यावर पायथ्याशी बराच वेळ जातो. जिने बसायचे ठरवले तिचा चेहरा पडतो. जिने चालायचे ठरवले ती पन्नास पायऱ्यांनंतर कठड्याला धरून उभी राहते. कोणी कोणाला घाई करीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी एस. टी. पकडण्यासाठी एकमेकींचा हात धरून धावलेल्या बायका आता त्याच हातांनी एकमेकींना वर घेतात. एखादी खालीच थांबते. तिच्या पिशवीत साऱ्याजणींच्या चपला.

वर सत्तावन्न फुटी गोमटेश्वर. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा सेनापती चामुंडराय याने आपल्या मातेच्या, काळलादेवीच्या, दर्शनाच्या ओढीखातर ही मूर्ती घडवली अशी परंपरा सांगते. मूर्तीच्या पायांशी नागरी लिपीत कोरलेल्या ओळी आहेत: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’, आणि पुढे गंगराजाने भोवतीचा प्राकार करविल्याची नोंद. बी. ए.ला मराठी घेतलेल्या प्रत्येकीने या ओळीवर परीक्षेत टीप लिहिलेली असते. मराठीतला आद्य शिलालेख, शके 905. पुढे अभ्यासकांनी या ओळी चामुंडरायाच्या बऱ्याच नंतर, गंगराजाच्या काळात कोरल्या गेल्या असे मत मांडले आणि आद्यत्वाचा मान अक्षीच्या शके 934 च्या लेखाकडे गेला. ही बातमी ऐकून एखादी किंचित नाराज होते. तिला त्या टीपेला पैकीच्या पैकी गुण मिळालेले असतात. पण अक्षर तर समोर आहे. ज्या भाषेत ती घरचा हिशेब लिहीत आली, ती कन्नड मुलुखात, भगवंतांच्या पायाशी, दगडात आहे. चष्मा वर-खाली करून ती अक्षर अक्षर लावीत राहते. मागची रांग थांबते. पुजारी काही बोलत नाही.

मूर्तीच्या समोरच, जरा अंतरावर, एका म्हातारीची प्रतिमा उभी आहे. गुळ्ळकायज्जी. अज्जी म्हणजे आजीच. पहिल्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी चामुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतले, पण ते मांड्यांच्या खाली उतरेना. तेव्हा ही गरीब बाई गुळ्ळकायीच्या फळाच्या कवटीत मावेल एवढेच दूध घेऊन आली, आणि त्या थेंबभर दुधाने मूर्ती नखशिखांत न्हाली. सेनापतीचा गर्व तिथे उतरला, अशी कथा आहे. बाहुबलींचे दर्शन घेऊन वळलेल्या बायका तिच्यापाशी थांबतात. कोणी तिच्या हातातल्या फळाकडे निरखून पाहते. कोणी, पैंजणांच्या गावची म्हणून असेल, तिचे पाय पाहते.

उतरताना सूर्य कलत असतो. जेवणाची वेळ चुकू नये म्हणून धर्मशाळेकडे पावले उचलली जातात. खाली थांबलेली मैत्रीण विचारते, ‘ओळ दिसली का ग?’ फोनवर टिपलेले छायाचित्र तिला मोठे करून दाखवले जाते. त्याच फोनवर हुपरीहून सुनेचा निरोप आलेला असतो. तीन किलो माल परत आला आहे, घट किती धरायची?

पायरीवर बसून सासूबाई उत्तर लिहू लागतात.