पाच पैशांचं तिकीट

पोस्टाची तिकिटं जमवण्याचा छंद बहुतेकांना शाळेत लागतो आणि दहावीच्या आसपास सुटतो. माझा सुटला नाही, फक्त त्याचं रूप बदलत गेलं. आजी त्याला ‘नाद’ म्हणायची, शाळेतल्या बाई ‘छंद’, आणि सासरी सगळे नुसतं ‘तिची तिकिटं’ म्हणतात. काही का म्हणेनात, आयुष्यभर मला ज्याची ओढ राहिली असं हे एकच काम.

सुरुवात परदेशी तिकिटांनी झाली. वडिलांचे एक स्नेही मुंबईत निर्यातीच्या कचेरीत होते. ते पाकिटांचे कोपरे कापून आणून देत. बशीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात कोपरे सोडायचे आणि घाई करायची नाही. डिंक विरघळला की तिकीट आपोआप सुटतं. रंगीत पाकिटाचा तुकडा मात्र वेगळ्या बशीत, कारण त्याचा रंग उतरतो. मग वर्तमानपत्रावर पालथी घालून वाळवायची आणि जाड पुस्तकात दाबून ठेवायची. ‘माग्यार पोस्टा’ म्हणजे हंगेरी, ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड हे मला त्या बशीने शिकवलं. ज्यावर देशाचं नावच नव्हतं, फक्त राणीचा चेहरा होता, ते ब्रिटनचं. टपालाचं तिकीट त्यांनीच १८४० साली पहिल्यांदा काढलं, म्हणून नाव न छापण्याचा मान आजही त्यांच्याकडे आहे.

मोठी, चित्रांची तिकिटं वहीत जात. आपल्याकडची रोजच्या वापराची बारीक तिकिटं बिस्किटांच्या डब्यात पडत. कॉलेज संपल्यावर मी त्या डब्याकडे वळले आणि मग तिथेच रमले.

ही तिकिटं कोणी कपाटात ठेवायला विकत घेतली नव्हती. ती लोकांनी वापरली होती, जिभेने ओली करून चिकटवली होती. सरकारने आपली ओळख म्हणून काय निवडलं, हे मला या तिकिटांवरच नीट दिसतं. १९४९च्या मालिकेत घारापुरीची त्रिमूर्ती, सांचीचा स्तूप, विजापूरचा गोल घुमट आहे. नव्या देशाने जुनी शिल्पं आणि वास्तू समोर ठेवल्या. सोळा-सतरा वर्षांत सूर बदलला आणि नव्या मालिकेत विजेवरचं रेल्वे इंजिन, चहाची पानं खुडणारी बाई, भाक्रा धरण, तुर्भ्याची अणुभट्टी आली. त्याच मालिकेत रुपयाच्या तिकिटावर पत्र लिहिणारी एक शिल्पातली स्त्री आहे. माझं सगळ्यात आवडतं तिकीट तेच.

पण मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो पाच पैशांच्या एका तिकिटावर. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसला. खास तिकीट तयार नव्हतं, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापलं गेलं. अशी तिकिटंही सगळीकडे वेळेवर पुरेनात. मग ठिकठिकाणच्या टपाल कचेऱ्यांनी स्थानिक छपाई केली, कुठे नुसता रबरी शिक्का मारला. शाई कधी जांभळी, कधी काळी, अक्षरं कधी तिरकी. डिसेंबरात निर्वासितांचं चित्र असलेलं तिकीट आलं आणि मार्च १९७३ अखेर हा आकार बंद झाला. आत्याने आईला लिहिलेल्या त्या काळच्या पाकिटांवर हे पाच पैशांचं तिकीट नेहमीच्या तिकिटाशेजारी बसलेलं आहे. आत पापडांचा हिशोब, कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, आणि वर एका मोठ्या संकटातला आपला वाटा. देशाने एकत्र येऊन काही केलं, असं म्हणताना मला सभांपेक्षा ही पाकिटं आधी आठवतात.

पाकिटं हाती आली तसं माझं लक्ष चित्रावरून शिक्क्याकडे गेलं. आता मी कोपरे कापत नाही, पाकीट अख्खं ठेवते. शिक्क्यात गाव असतं, तारीख असते. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला आणि शिक्क्यांमध्ये हळूहळू सहा आकडे दिसू लागले. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, याचा मला फार अभिमान आहे. गोव्याचे शिक्के तर आणखी बोलके. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारतीय तिकिटं आली, तरी पोर्तुगीज तिकिटं काही दिवस चालू राहिली. त्या दिवसांतल्या पणजीच्या पाकिटासाठी मी बरंच काही देईन.

आता टपाल कचेरीच्या खिडकीवर बारकोडची पट्टी चिकटवून देतात. साध्या पत्राला मी तिकिटंच मागून घेते आणि शिक्का स्वच्छ मारायची विनंती करते. खिडकीवरच्या मुलीला आता ते ठाऊक झालंय.

माझा शोध मात्र अजून निर्वासितांच्या मदतीच्या, रबरी शिक्क्याच्या त्या पाच पैशांच्या तिकिटांचाच आहे, पण त्यांत बनावट माल खूप आहे. सुट्या तिकिटावर असा शिक्का कोणीही मारू शकतं. म्हणून तिकीट पाकिटावरच हवं, टपालाचा शिक्का दोन्हींवर पडलेला हवा आणि तारीख जुळायला हवी. एका विक्रेत्याकडे नोव्हेंबर १९७१चं, मुंबईहून पाठवलेलं असं एक पाकीट आल्याचं कळलंय. रविवारी भिंग घेऊन जाणार आहे.