निमित्त

आम्हां मध्यमवर्गीयांना निमित्तावाचून प्रवास करता येत नाही. कोणाचे लग्न निघावे, कोणास देवाज्ञा व्हावी, एखादा नवस फेडावयाचा राहिला असावा, अथवा डॉक्टरांनी नागपूरची वाट दाखवावी, तेव्हाच आमच्या घरच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. केवळ एखादी गोष्ट पाहावीशी वाटली म्हणून उठून चालू लागणारा गृहस्थ आमच्या आळीत अद्याप निपजलेला नाही. आणि निपजलाच, तर 'घरी सारे ठीक आहे ना?' असे विचारावयास चार शेजारी हटकून जातील.

असे असता, येत्या दिवाळीच्या सुटीत आमगावाहून निघून रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकणकिनारा मोटारीने पालथा घालण्याचा आमचा बेत आहे, हे आम्ही एके दिवशी अध्यापकांच्या खोलीत बोलून गेलो. सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न अर्थातच हा, की निमित्त काय? आम्ही गंभीरपणे उत्तर दिले, "पिकलबॉल." दोघे हसले. तिसऱ्याने हे लोणचे कैरीचे की लिंबाचे, अशी पृच्छा केली.

वाचकांपैकी काहींची अवस्था या तिसऱ्या सहकाऱ्यासारखी असण्याचा संभव आहे. म्हणून या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या वायव्य टोकास, सिॲटल शहराजवळ, बेनब्रिज नावाचे एक बेट आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात तेथे जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोघे स्नेही घरच्या कंटाळलेल्या मंडळींस काहीतरी खेळ लावून द्यावा म्हणून बॅडमिंटनच्या अंगणात उतरले, तो बॅडमिंटनचे साहित्यच सापडेना. त्यांनी टेबल-टेनिसच्या बॅटी घेतल्या, भोके पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, जाळे खाली उतरविले, आणि त्या अडचणीतून एक नवा खेळ जन्मास आला. बार्नी मॅकॅलम या तिसऱ्या स्नेह्याने पुढे त्याचे नियम बांधण्यास हातभार लावला. आपल्या देशात हे रोप आणून लावण्याचे श्रेय सुनील वालावलकर या मराठी गृहस्थांकडे जाते. त्यांनी १९९९ साली कॅनडात हा खेळ पाहिला आणि २००८ साली त्याची अखिल भारतीय संघटना उभी केली. ज्या बॅडमिंटनच्या अंगणात हा खेळ जन्मला, त्या बॅडमिंटनला एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज 'पूना' याच नावाने ओळखीत असत. तेव्हा आजोळच्या नात्याने हे अमेरिकन बाळ पुणेकरच ठरते, हे आम्ही त्या तिसऱ्या सहकाऱ्यास ऐकविण्यास चुकलो नाही.

आमच्या घरी हा खेळ आणला तो आमच्या कन्येने. गतवर्षी पुण्यास तिच्याकडे राहिलो असता तिने आम्हां उभयतांच्या हाती एकेक बॅट दिली आणि कोर्टावर उभे केले. सौ.च्या उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजत चालली आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय अद्याप काढलेला नाही, परंतु 'चालते आहे तोवर चालवा' असे ते म्हणाले, आणि दुखत नसेल तर हलके खेळण्यास हरकत नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. पिकलबॉल हा अशा गुडघ्यांवर दया करणारा खेळ आहे. कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. चेंडू पाऊण तोळ्याचा नसला तरी एक औंसाच्या आतला. आणि धावण्यापेक्षा थांबण्यास अधिक मान. आमगावास परतल्यावर आम्ही सिमेंटच्या बॅडमिंटन कोर्टावरील जाळे मध्यभागी ३४ इंचांवर आणून बांधले आणि भल्या पहाटे खेळू लागलो. प्रथम पोरे जमली, नंतर त्यांचे वडील जमले, आणि महिन्याभरात आम्हांस आमची पाळी येण्याची वाट पाहावी लागू लागली.

या खेळात जाळ्याच्या दोन्ही अंगांस सात-सात फुटांचा एक पट्टा असतो, त्यास 'किचन' म्हणतात. त्या पट्ट्यात उभे राहून चेंडू अधांतरी मारता येत नाही. आधी त्यास खाली पडू द्यावे लागते. आम्ही हा नियम वारंवार मोडतो. सौ. मात्र कधीही मोडत नाही. एकदा ती म्हणाली, "घरच्या किचनात तीस वर्षं तुम्ही हा नियम बरा पाळलात! खाली पडल्याशिवाय कशालाच हात लावला नाही." शेजारच्या कोर्टावर कोणी नव्हते, हे आमचे भाग्य.

आता समुद्राविषयी. आम्ही इंग्रजीचे अध्यापक. कोलरिजचा वृद्ध खलाशी आणि मॅथ्यू अर्नोल्डचा डोव्हरचा किनारा आम्ही किती वेळा शिकविला याची मोजदाद नाही. ऐकणारी मुले आमगाव, सालेकसा, देवरी या भागातली. भाताच्या बांध्यांत आणि तलावांच्या पाळीवर वाढलेली. समुद्र समजावून सांगताना आम्ही म्हणत असू, "नवेगावबांध पाहिला आहे ना? त्याला पलीकडचा काठच नाही, असे समजा." एकदा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, लाट परत जाताना आवाज होतो का?" आम्ही अर्नोल्डच्या टीकाकारांच्या आधारे दहा मिनिटे उत्तर दिले. वस्तुस्थिती अशी, की तोवर आम्ही समुद्र पाहिला होता तो मुंबईत एका मुलाखतीच्या दिवशी, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून, तीन तास. आणि त्या तीन तासांत आम्ही मुलाखतीत चुकलेल्या उत्तरांचाच विचार करीत होतो.

सौ.ने तर तोही पाहिलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही तिला वचन दिले होते, की पुढच्या सुटीत कोकण. पुढच्या सुटीत उत्तरपत्रिका आल्या. त्यानंतर घर बांधावयास घेतले. मग आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या, आणि त्यांची नऊ वर्षे शुश्रूषा कोणी केली हे लिहावयास नको. मग कन्येचे शिक्षण, मग तिचे लग्न. सौ.ने या काळात त्या वचनाची एकदाही आठवण दिली नाही, आणि त्यावरून ती विसरली असेल, असे आम्ही स्वतःच्या सोयीसाठी धरून चाललो.

येथे कोणी विचारील, की समुद्रच पाहावयाचा तर एवढ्या लांब पश्चिमेस कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या गावाहून पूर्वेचा समुद्र जवळ पडतो. रायपूरवरून पुरीस जाण्याचे अंतर मुंबईच्या अंतरापेक्षा कमी. आमच्या शिवारातले पावसाचे पाणीसुद्धा हे जाणते. ते वाघनदीतून वैनगंगेस, तेथून प्राणहितेस, आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास मिळते. परंतु पाण्याने भूगोल पाळावा. माणसे शाळेत वाचलेल्या पुस्तकांचे ऐकतात. आमच्या लहानपणीच्या क्रमिक पुस्तकांत नारळी-पोफळी होत्या, गलबते होती, सिंधुदुर्ग होता. आमचा समुद्र तेव्हापासून पश्चिमेसच राहून गेला आहे.

तेव्हा बेत ठरला, आणि आम्ही अध्यापकाच्या वृत्तीने त्याचे टिपण करावयास बसलो. जेथे जेथे मुक्काम, तेथे तेथे सकाळी एक खेळ, हे मुख्य सूत्र. पहिली अडचण वाऱ्याची निघाली. हा पोकळ चेंडू किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पाहुण्यासारखा वागतो; कोठे जाईल ते यजमानास कळत नाही. भूगोलात 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' वाचले होते, ते प्रथमच उपयोगी पडले. दिवसा जमीन तापली म्हणजे समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट वाहतात. या दोहोंच्या सांध्यात, सकाळच्या प्रहरी, हवा काही काळ स्तब्ध असते, खेळ तेव्हाच. वाळूवर खेळण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडावा लागला, कारण कोरड्या वाळूत चेंडू रुततो आणि ओल्या वाळूवरही त्याचा टप्पा मरतो. म्हणून शाळेचे अंगण, बॅडमिंटनचे सभागृह, एखाद्याचे खळे, असा शोध पत्रोपत्री सुरू केला. आमचे जुने विद्यार्थी कोठे कोठे नोकरीस आहेत हे या निमित्ताने समजले. गुहागरहून एकाने लिहिले, "सर, कोर्ट आहे, जाळे नाही, खेळाडूही नाहीत, पण मासे उत्तम मिळतात."

दुसरी अडचण खाड्यांची. किनाऱ्याचा रस्ता सुमारे पाचशे किलोमीटरांचा. पण नकाशात तो अखंड दिसला तरी नद्या त्यास जागोजाग तोडतात. सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड, आणि राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, येथे मोटारीसकट फेरीबोटीत चढावयाचे. तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकणातल्या एका स्नेह्याने आम्हांस तेथील पिढीजात हिशेब शिकविला: तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीस पावणेचार, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघून समृद्धी महामार्गाने पंचमीच्या सकाळी अलिबागेस असलो, तर दहाच्या सुमारास कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून चालत जाता येईल. हे गणित जमले तेव्हा आम्हांस जो आनंद झाला, तो पीएच.डी.च्या दिवशीही झाला नव्हता.

सारे टिपण एका मोठ्या कागदावर तक्त्याच्या रूपाने उतरवून आम्ही सौ.पुढे ठेवले. तिने चष्मा लावून ते शांतपणे वाचले. नऊ दिवस, आठ खेळ, चार फेरीबोटी, तिथी, वेळा, अंतरे. मग ती म्हणाली, "अहो, याच्यात समुद्र कुठं आहे?"

"अगं, सगळा समुद्रच तर आहे! रेवस सोडलं की रेडीपर्यंत उजव्या हाताला दुसरं काय आहे?"

"उजव्या हाताला तुम्ही असता," ती म्हणाली. "गाडी तुम्हीच चालवणार ना? मला नऊ दिवस तुमच्या पलीकडून बघावं लागेल." आणि थोड्या वेळाने, कागदाची घडी घालीत, "खेळ तर आपण आमगावलाही खेळतो."

तीत रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते वाक्य आमच्या मनात राहिले. त्या रात्री आम्ही कागद पुन्हा उघडला. वारा, वाळू, खाड्या, तिथ्या यांचा विचार आम्ही केला होता. जिच्यासाठी तीस वर्षांमागे वचन दिले, ती मोटारीत कोणत्या बाजूस बसेल, याचा केला नव्हता. खेळाचे निमित्त आम्ही लोकांसाठी काढले अशी आमची समजूत होती. ते खरे पाहता आम्हांसच हवे होते. इतक्या उशिरा, हातात काही नसता, केवळ 'चल, समुद्र दाखवितो' असे म्हणण्याचा आम्हांस संकोच वाटत होता. कारण तसे म्हटल्यास मधल्या तीस वर्षांचा हिशेबही द्यावा लागला असता. बॅट हाती असली म्हणजे तो हिशेब विचारला जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता उलटा केला. आता आम्ही आधी दक्षिणेस उतरणार, आणि रेडीपासून वर रेवसकडे येणार. म्हणजे समुद्र डाव्या हातास, सौ.च्या खिडकीशी राहील. फेरीबोटींचा क्रम बदलला. कुलाब्याचा किल्ला पंचमीऐवजी त्रयोदशीस आला. त्या दिवशी भरती पावणेदहास, म्हणून किल्ल्यात दुपारी चारच्या सुमारास जाऊ. खेळ आठांचे चारच राहिले, आणि ते सकाळचे. संध्याकाळच्या रकान्यात काहीही लिहिलेले नाही. पंचमीच्या दिवशी वेंगुर्ल्यास पोहोचू. त्या दिवशी खेळ मुळीच नाही. पावणेचारला भरती पूर्ण होईल आणि सूर्यास्ताच्या वेळी पाणी मागे सरत असेल. लाट परत जाताना आवाज होतो किंवा कसे, हे त्या मुलीस आता निदान ऐकून कळविता येईल.

नवा तक्ता सौ.स दाखविला. तिने तो वाचला, आणि बॅगेत जाळ्याशेजारी स्वतःच्या गुडघ्याचा पट्टा ठेवला. "चार खेळ पुरेत," ती म्हणाली. "पण ते जिंकायचे."