पुलगावची जीप : आधी माप, मग माल

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव सोडून वर्धा नदीच्या पुलावर येते, तेव्हा डब्यातला आवाज बदलतो. पूल संपला की पुलगाव. नदीच्या त्या काठाला अमरावती जिल्हा, या काठाला वर्धा जिल्हा. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि नंतरच्या काळात स्टेशनाच्या आजूबाजूला हे गाव वाढत गेले. पुढे कापडाची गिरणी आली. आर्वीला जाणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी आली. दारूगोळ्याचे मोठे लष्करी भांडार आले. आर्वीची ती लहान गाडी आता धावत नाही. पण गिरणीचे शाफ्ट आणि गाड्यांची चाके दुरुस्त करता करता लोखंडाची भाषा कळणारे हात या गावात तयार झाले. आज तुम्हाला पुलगावची जी गोष्ट सांगायची आहे, ती अशाच एका हाताची आहे. आणि माझ्या चुकीचीही.

आमच्या घरी एक जुनी महिंद्रा जीप आहे. महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप आपल्या देशात जुळवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. पऱ्हाटीचे बियाणे, खताची पोती, लग्नातले पाहुणे, रात्रीबेरात्री सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, सारे तिने वाहिले. पांदणीच्या चिखलातून ती निघाली नाही असे क्वचितच घडले.

2006 च्या उन्हाळ्यात इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली. चढावर आवाज वाढे. इंजिन तापले की ऑइलचा काटा खाली बसे. ही बेअरिंग झिजल्याची ओळखीची खूण आहे. वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तू शिकलेला आहेस. नीट करून आण."

मी काय केले? दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगितले. पूर्वी एकदा इंजिनाचे काम झाले होते, म्हणून अंदाजाने 'वीस साईज' मागितली. बेअरिंगचा जोड घरी आणला आणि एका मिस्त्रीकडे दिला. क्रँकला बेअरिंग ढिली बसली, तेव्हा त्याने पाठीमागे कागद घातला. मी उभा राहून पाहत होतो आणि ते मला हुशारीचे वाटले. तीनशे किलोमीटरही झाले नसतील, आर्वीच्या रस्त्यावर इंजिन जाम झाले. बैलजोडी लावून जीप घरी आणली. वडील एक शब्द बोलले नाहीत. जीप निंबाच्या झाडाखाली उभी राहिली ती तेरा वर्षे.

वाचकहो, मी कृषी विस्ताराचे काम करतो. "मातीचे परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका," हे मी गावोगाव सांगत आलो. आणि स्वतः मात्र क्रँकचे परीक्षण न करता बेअरिंग विकत आणली!

2019 साली भंगारवाला जीप मागायला आला. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. ते म्हणाले, "देऊन टाक." पण म्हणताना त्यांनी जीपकडे पाहिले नाही. ते मला लागले. मी भंगारवाल्याला परत पाठवले आणि पुलगावातल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडे गेलो. मी जीपचे नाव, मॉडेल सांगू लागताच ते हसले. "साहेब, गाडीचं नाव काऊन सांगता? क्रँकचं माप सांगा."

त्यांनी इंजिन खोलले, क्रँक रॉकेलने धुतला आणि मायक्रोमीटर हातात घेतला. प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंग बसते तो गोल भाग, त्यांनी आडवा मोजला, उभा मोजला, मग या टोकाला आणि त्या टोकाला मोजला. एका जर्नलला आडव्या-उभ्या मापात चार थाऊंचा फरक निघाला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वहीचा एक कागद तीन-चार थाऊ जाड असतो. म्हणजे तो जर्नल गोल राहिलाच नव्हता. असल्या क्रँकला नवी बेअरिंग घालणे म्हणजे वाकलेल्या आसावर नवे चाक चढवणे.

असा क्रँक घासून पुन्हा गोल करावा लागतो. घासला की तो बारीक होतो, म्हणून बेअरिंग तेवढी जाड लागते. ही मापे ठरलेली आहेत : स्टँडर्ड, दहा, वीस, तीस थाऊ. माझी खरी चूक येथेच होती. मागच्या कामाचा अंदाज धरला, आज क्रँक कोणत्या मापाला आहे ते पाहिले नाही. आता ओरखडे इतके खोल होते की तीसशिवाय इलाज नव्हता. लेथवाले म्हणाले, "आधी तीसची बेअरिंग हातात घ्या. मगच क्रँक घासायला द्या. जुन्या गाडीचा माल मिळाला नाही, तर घासलेला क्रँक घेऊन बसाल."

क्रँक पोत्यात गुंडाळून मी पहाटेची गाडी धरली. वर्धा, सेवाग्राम, सिंदी, बुटीबोरी मागे पडत होते आणि शेजारचा प्रवासी पोत्यात काय आहे म्हणून विचारत होता. नागपूर स्टेशनापासून कॉटन मार्केट लांब नाही. तिकडच्या घाट रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ बसलेला डबा काढला. मी या वेळी नुसत्या डब्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक बेअरिंगच्या पाठीवर कोरलेला आकडा वाचला, तेलाचे भोक आणि कडेची जीभ जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली. डबा एक आणि आतला माल दुसरा, असेही घडते. मग ती बेअरिंग आणि क्रँक दोन्ही ग्राइंडिंगवाल्याकडे दिले.

बसवण्याच्या दिवशी मी पुलगावात लेथवाल्यांच्या शेजारी बसून होतो. त्यांनी जे केले ते ध्यानात ठेवा. तुमच्या ट्रॅक्टरलाही ते लागू आहे. घासलेल्या क्रँकच्या तेलाच्या भोकांत बारीक कीस अडकतो. तो तारेच्या ब्रशने काढून, धुऊन, हवा मारली. बेअरिंगची पाठ कोरडी पुसली. तेल लावले ते फक्त पुढच्या बाजूला. मागे कागद नाही, पत्रा नाही, कानस नाही. प्रत्येक टोपी खोलतानाच खूण केली होती, ती त्याच जागी, त्याच दिशेने बसवली. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. एकेक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहिला. दोन इंची जर्नलला तेलासाठी साधारण दीड-दोन थाऊ फट लागते. अखेरचा आकडा कंपनीच्या पुस्तकातला. ऑइल पंपही खोलून पाहिला, कारण पंप कमजोर असेल तर नवी बेअरिंगही टिकत नाही.

मी विचारले, "बेअरिंग इतकी मऊ कशाला करतात?" ते म्हणाले, "क्रँक वाचावा म्हणून." 1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट नावाच्या कारागिराने कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू बेअरिंगसाठी वापरात आणला. धुळीचा कण आला तर तो या मऊ थरात रुतून बसतो आणि महागडा क्रँक वाचतो. बेअरिंग स्वतः झिजते, घरधन्याला वाचवते. पण धूळ रोजचीच असेल तर ती तरी किती सोसणार? आमच्या जीपच्या एअर फिल्टरमधले तेल कित्येक वर्षे बदललेलेच नव्हते. रोगाचे मूळ तिथे होते. बेअरिंग बदलली आणि मूळ तसेच ठेवले, तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च.

इंजिन बसले. सुरू करण्याआधी प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत ते नुसते फिरवले, मग चालू केले. पहिले पाचशे किलोमीटर जोर दिला नाही आणि नंतर ऑइल बदलले.

घरी जीप आली तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. काठी टेकत आले, बोनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ठोका नाही." एवढेच. संध्याकाळी त्यांना नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणले.

तर मंडळी, पंपाचे इंजिन असो, ट्रॅक्टर असो की जुनी जीप, ठकठक ऐकू आली की त्याच दिवशी इंजिन बंद करा; चालवत राहिलात तर बेअरिंगबरोबर क्रँकही जाईल. दुकानात जाण्याआधी माप घ्या. मिस्त्रीला लाजू नका, मायक्रोमीटर लावायला सांगा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. पाठीमागे कागद घालणारा दिसला तर त्याचा हात धरा. 2006 साली मी तो धरला असता, तर कापसाचा तो चुकारा वाया गेला नसता.