म्यानातली धाकटी

परवा आमच्या गावात, तामसीत धार लावणारा आला होता. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत त्याने आमचा विळा सहाणेवर धरला. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास दारात भरला, आणि मी थेट आदिलाबादला मामाच्या गल्लीत जाऊन पोचले.

तिथला गुरखा रात्रभर शिट्टी फुंकत, विजेच्या खांबावर काठी आपटत फिरायचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो दारोदार पैसे मागायला यायचा, तेव्हा कमरेला कुकरी असायची. एकदा माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. आता ते मोठं पातं बाहेर येणार म्हणून मी श्वास रोखून उभी. त्याने म्यानाच्या मागच्या खणातून एक चिमुकली सुरी काढली, पायरीवर टेकला आणि पेन्सिल तासून दिली. त्या सुरीला कर्द म्हणतात. तिच्या शेजारी दुसरी असते, चकमक. ती बोथट, पात्याची धार सारखी करायला आणि गारेवर ठिणगी पाडायला.

तेव्हापासून पुस्तकात, मासिकात कुठेही कुकरी दिसली की मी पान उलटत नाही. आधी म्यानाच्या मागे त्या दोघी आहेत का ते बघते. बहुतेकदा नसतातच. चित्रकारांवर माझा जुना राग आहे. कुकरीची धार आतल्या बाकाला असते, आपल्या विळ्यासारखी; हे लोक ती तलवारीसारखी बाहेरून काढतात. मुठीजवळची खाच तर विसरूनच जातात. आणि लेखक? म्यानाबाहेर आली की रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही, हे वाक्य किती जणांनी एकमेकांचं बघून उतरवलं असेल! नेपाळात तिने लाकूड फोडतात, झुडपं तोडतात, मटण कापतात. माझी पेन्सिल तर मी सांगितलीच.

‘ड्रॅक्युला’त मात्र ती अचानक भेटली. ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या या कादंबरीत शेवटी ड्रॅक्युलाच्या गळ्यावर चालते ती जोनाथन हार्करची कुकरी. सिनेमावाल्यांनी छातीत ठोकायच्या खुंटीचं इतकं कौतुक केलं की हे कुणाला ठाऊकच नसतं.

आणि इयन कार्डोझो. मुंबईत जन्मलेला हा माणूस 1971च्या युद्धात पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमध्ये मेजर होता. सिल्हेटजवळ सुरुंगावर पाय पडला. पायाच्या चिंधड्या झाल्या, मॉर्फिन नव्हतं. सोबतच्या जवानाला त्यांनी पाय तोडायला सांगितलं. त्याचा हात धजेना. मग कुकरी घेऊन त्यांनी स्वतःच तोडला. पुढे त्यांनी लाकडी पायावर बटालियनचं नेतृत्व केलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे येत राहिला तो पायरीवरचा गुरखा. त्याला सगळे ‘बहादूर’ म्हणायचे. खरं नाव त्या गल्लीत कुणी विचारलं नाही, हे मला आजही सलतं.

कुकऱ्या शोधता शोधता मी हैमेनडॉर्फ यांच्या पुस्तकांपर्यंत गेले. हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940च्या दशकात आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांमध्ये राहिला, नंतर नेपाळात गेला आणि 1964 साली त्याचं शेर्पांवरचं पुस्तक आलं. नेपाळची चित्रं बघायला म्हणून बसले, आणि अडकले मारलवाई या गोंडांच्या गावात. तिथे हैमेनडॉर्फ यांची पत्नी बेट्टी एलिझाबेथ यांची समाधी आहे. 1987 साली हैदराबादेत त्या गेल्या. पुरलं मारलवाईच्या मातीत. गोंड लोक आजही तिथे जमतात. त्याच गावात निजामाच्या काळात गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, आणि मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तकं छापली गेली. देवनागरीत! म्हणजे तामसीच्या मराठी शाळेत मी जी अक्षरं गिरवली, तीच.

आता कुकरी जरा बाजूला राहिलीय. त्या भागात, जैनूर, उटनूरकडे ओळखीचं कुणी भेटलं की मी एकच विचारते: घरात आजोबांच्या वेळचं एखादं गोंडी वाचनपुस्तक आहे का? असेल तर पेटीत ठेवू नका, मला दाखवा.