कापलेली कड, कापलेली लाट

गिटारसाठी हवं ते पेडल आज तयार मिळतं. तरीही पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून पेडलच्या सर्किटसाठी तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड आणावा आणि घरी स्वतःच्या हातानं कापावा, यासारखं सुख नाही.

बोर्ड जेमतेम १.६ मिलिमीटर जाड. त्यावरचं तांबं ३५ मायक्रॉनचं, केसाहूनही पातळ. पण तांब्याखाली आहे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, इपॉक्सीत मुरवून कठीण केलेलं. ते घाईला दाद देत नाही. स्टीलची पट्टी घट्ट दाबून कटर एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा ओढत राहायचं. आधी तांबं मऊपणानं वाट देतं. मग पात्याची खरखर जड होते; काच लागली, हे कानालाच कळतं. पाठीमागूनही नेमकी तीच रेघ खोल करायची, ती टेबलाच्या कडेला जुळवायची आणि दाब द्यायचा. कट्‌ असा एकच आवाज होतो आणि तुकडा वेगळा! पुढे कानस. काचेची धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडावर मास्क हवा, बोर्ड ओला हवा. धूळ फुंकरायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.

या इवल्याशा तुकड्यावर ‘फझ फेस’ मावतं. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीनं काढलेलं आणि गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखाली गाजलेलं हे पेडल. मूळ सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, म्हणजे फिरवायच्या खुंट्या. बस्स, एवढाच पसारा. गिटारच्या तारेची लाट गोलाईनं आत येते. ट्रान्झिस्टर तिला इतकी फुगवतात की ९ व्होल्टच्या बॅटरीत ती मावेनाशी होते. मग तिचे माथे सपाट कापले जातात, कडा उभ्या होतात आणि त्या कडांतून वरचे नवे स्वर उसळून येतात. ती भरदार, खरबरीत गर्जना म्हणजे हे कापले गेलेले माथेच.

बोर्डाची कड मात्र गुळगुळीतच हवी. तांब्याचा एखादा कंगोरा पेडलच्या धातूच्या डब्याला टेकला, तर सगळं मुकं होऊ शकतं. एक कड तासून नितळ करायची, दुसरी, लाटेची, मुद्दाम धारदार होऊ द्यायची. दोन्हीकडे मर्यादा आधी येते आणि घडण नंतर. डबा केवढा, यावर बोर्ड ठरतो; व्होल्ट किती, यावर आवाज.

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी असा बोर्ड कापावा. मग पेडलवर पाय ठेवला की नुसती गर्जना ऐकू येत नाही. लाट कुठे अडली आणि अडल्यावर काय झाली, तेही ऐकू येतं.