कारभाऱ्याच्या जागी उभं राहून

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना व्याकरण, पत्रलेखन आणि पाठांचे प्रश्न यांतच वर्ष निघून जातं. अख्खी कादंबरी वर्गात वाचायची म्हटली की पालक विचारतात, "मॅडम, हे किती मार्कांना येतं?" एकाही मार्काला येत नाही. तरी गेली काही वर्षं मी आठवीच्या मुलांबरोबर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचते.

एक कारण साधं आहे, ती आपल्याच मुलखातली आहे. माडगूळकरांचं माडगूळे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. पूर्वी हा भाग औंध संस्थानात होता आणि ते औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचं नावच 'दक्षिण सातारा' होतं. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांना त्यातला माळ, मेंढरं, दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. आयबू मुलाणी आला की वर्गात हसू फुटतं, कारण दरवर्षी पटावर एक-दोन मुलाणी असतातच. गावासाठी बकरं हलाल करून देणारा मुलाणी हा बलुतेदारांपैकी एक होता, हे मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही कादंबरी तरुण मास्तर स्वतः सांगतो. म्हणजे वाडी आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांनी. मग इतरांना काय दिसत असेल? मराठीत याला दृष्टिकोन म्हणतात, उर्दूत नुक्त-ए-नजर. शब्द सांगून मुलांना काही कळत नाही. म्हणून मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते: या माणसाला काय दिसलं? त्याला काय माहीत नव्हतं? त्याला कशाची भीती आहे? आणि उत्तराला पुस्तकातलं वाक्य दाखवावंच लागतं. "मला असं वाटतं" एवढ्यावर भागत नाही.

पोरांना शाळेत धाडायला धनगर तयार नसतात, तिथून आम्ही सुरुवात करतो. मुलं लगेच म्हणतात, "अडाणी आहेत." मग तीन प्रश्न लावतो. पोर शाळेत बसलं तर मेंढरांमागे कोण जाणार, हा धनगराचा प्रश्न दिसायला लागतो, आणि 'अडाणी' हा शब्द वर्गातून आपोआप जातो. ज्यांचे अब्बू गॅरेजवर किंवा गाड्यावर मुलाला हाताशी धरतात, त्यांना तर तो आधी दिसतो.

खरी परीक्षा अंजीच्या चोळीच्या प्रसंगाला होते. अंजीची चोळी शिवून आणण्याचं साधं काम मास्तर करतो आणि कारभाऱ्याच्या मनात भलताच अर्थ शिरतो. हा प्रसंग मी मुलांना वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून लिहायला सांगते. बहुतेक मुली अंजी होतात, मुलं मास्तर होतात. कारभारी व्हायला कुणी तयार नसतं.

एका वर्षी एक मुलगी झाली. एका मुलाला रस्त्यात वही देताना तिला नात्यातल्या कुणीतरी पाहिलं होतं. बोलणं घरापर्यंत गेलं आणि आठवीनंतर शाळा बंद, असं तिच्या अब्बूंनी ठरवलं होतं. मला वाटलं, ही अंजीच्या बाजूने लिहील. तिने लिहिलं ते असं: मी वाडीचा कारभारी आहे, सगळे माझ्या शब्दावर चालतात, उद्या लोक हसले तर मी निवाडा कुठल्या तोंडाने करू? मला राग आलेला नाही, मला भीती वाटते आहे. शेवटी एकच ओळ होती: पण मी पोरीला काहीच विचारलं नाही.

ती वही तिने घरी स्वतः दाखवली. पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. अब्बू शाळेत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "दहावीपर्यंत बघू." निर्णय पूर्ण बदलला असं मी म्हणणार नाही. पण ऐकीव गोष्टीवर झालेला निर्णय लेकीशी बोलून पुन्हा झाला, हे मला थोडं वाटत नाही.

कादंबरी वाचून मुलं बिघडतात असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. त्यांना मी सूरह युसूफची आठवण करून देते. एकाच घरात वडिलांचं प्रेम आहे, भावांची जळण आहे आणि विहिरीतल्या मुलाचा सब्र आहे. खोटं रक्त लावलेला सदरा भाऊ पुरावा म्हणून आणतात, आणि पुढे पाठीमागून फाटलेला सदराच हजरत युसूफ (अलै.) यांची बेगुनाही दाखवतो. नुसतं पाहणं पुरत नाही, पडताळावंही लागतं. सूरह हुजुरातमध्येही आलेली खबर तपासण्याची आणि बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. आमच्या वर्गातले तीन प्रश्न त्याच ताकिदीचा छोटा सराव आहेत.

आज मोबाईलवर कुणाबद्दलही काहीही येतं आणि जेवण होईपर्यंत ते दहा घरांत पोहोचतं. म्हणून अम्मी-अब्बूंना माझी विनंती आहे. महिन्यातून एखादी गोष्ट मुलांबरोबर बसून वाचा. 'यातून काय बोध मिळाला?' हे लगेच विचारू नका. 'त्या माणसाच्या जागी तू असतास तर तुला काय दिसलं असतं?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मुलगा किंवा मुलगी उद्या तुमच्याही जागी उभं राहून पाहील. तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायची तयारी आपणही ठेवायला हवी.