नूरचे खडे

मागच्या वर्षीची गोष्ट. आठवीचा तास चालू होता. मी फळ्यावर मुसावात, म्हणजे मराठी शाळेत ज्याला समीकरण म्हणतात ते, सोडवीत होते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी रेखाटत होता. दोनदा हाक मारली, त्याने ऐकली नाही. तिसऱ्या वेळी मी जवळ गेले आणि माझा हात उठला. वर्ग चिडीचूप झाला. मी वही ओढून घेतली आणि उरलेले गणित पुरे केले.

रात्री घरी वही उघडली. मागच्या पानांवर पेन्सिलीने माणसे काढलेली होती. एक डोंगरासारखा धिप्पाड, खाली उर्दूत लिहिलेले ‘जब्बार’. एक मुलगी, तिच्याभोवती उजेडाच्या रेषा, ती ‘नूरा’. आणि चाकांच्या खुर्चीत बसलेला, हात पुढे केलेला एक तरुण. त्याचे नाव ‘ज़ार’. माझ्या धाकट्या भावाने डोकावून पाहिले आणि म्हणाला, “आपा, ये तो नाइन्टी नाइन है!”

‘द नाइन्टी नाइन’ ही चित्रकथांची मालिका. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ डॉ. नाएफ अल-मुतव्वा यांनी ती २००६ मध्ये सुरू केली. पुढे तिच्यावर कार्टूनही निघाले. ते आमच्या सोलापूरच्या पोरांपर्यंत मोबाईलवरून आले असावे. मी शोधून शोधून वाचले, आणि वाचता वाचता त्यात गुंतले.

कथा सुरू होते बगदादमध्ये. १२५८ साली हलाकूच्या फौजेने बगदाद लुटले, किताबखाने बुडवले, हा इतिहास. दजला नदीचे पाणी शाईने काळे झाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथून पुढे कल्पना. ग्रंथपाल त्या किताबांतला सारा इल्म नव्व्याण्णव खड्यांत साठवून वाचवतात. हे नूरचे खडे अंदलूसला, गरनाताला पोहोचतात आणि तिथून जगभर विखुरतात. आज ज्याला खडा सापडतो, त्याच्यात एक शक्ती वस्तीला येते.

ही माणसे कोण? सौदीतला नवाफ. त्याचा पाय सुरुंगावर पडतो, खड्याचे कण शरीरात रुततात आणि तो जब्बार होतो. अमिरातीतली दाना. पळवून नेणाऱ्यांच्या कैदेत तिला खडा मिळतो आणि माणसांच्या आतला उजेड-अंधार दिसू लागतो. अमेरिकेतला जॉन, ज्याचे पाय गेले आहेत. तो दुसऱ्याच्या शरीरातली वेदना वाढवू शकतो आणि थांबवूही शकतो. यांच्यापैकी कुणी तपश्चर्या केलेली नाही, की कुठली परीक्षा दिलेली नाही. शक्ती आली, आणि आता तिच्यासह जगायचे आहे. एकाच माणसाला सगळ्या शक्ती मात्र कधीच मिळत नाहीत.

अब्बांचे एक स्नेही आमच्या मोहल्ल्यात इमाम आहेत. त्यांच्याकडे विषय काढला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बेटी, सिफत उसकी है. बंदे के जिस्म में पत्थर से नहीं उतरती.” सौदी अरबच्या उलेमांनीही २०१४ मध्ये या मालिकेविरुद्ध फतवा दिला होता. तोवर मालिका थांबलीही होती. लेखकाचे म्हणणे असे, की ‘अल’ लावलेले नाव फक्त अल्लाहचे, तो या पात्रांना लावलेला नाही. रहम, सब्र, अदल यांचा थोडा अंश बंद्यात असावा, हीच तर तालीम आहे. मी इमामसाहेबांशी वाद घातला नाही. त्यांची भीती मला समजत होती. बंदा स्वतःला त्या शक्तीचा मालक समजू लागला, तर?

तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. बाप यंत्रमागावर कामाला गेला होता. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मला पाहताच तिने लगबगीने चटई अंथरली. मी माफीचे शब्द जुळवीत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, “मारो मिस, खूब मारो. हड्डी हमारी, चमड़ी आपकी.”

ही म्हण मी लहानपणापासून ऐकली आहे. माझ्या अम्मीनेही माझ्या उस्तादांना हेच सांगितले होते. त्या दिवशी मात्र ती ऐकून अंगावर काटा आला. वर्गात मारायचे नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेले आहे. बी.एड.ला मी त्यावर दोन पाने उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. आणि इथे एक आई आपल्या लेकराची चमडी माझ्या ओंजळीत टाकत होती. मला कुणी विचारले नव्हते, माझी लायकी तपासली नव्हती. मी टीचर होते, एवढेच पुरेसे होते.

मुलगा दाराआड उभा होता. मी वही उघडून खुर्चीतल्या तरुणावर बोट ठेवले. “ये क्या करता है?”

“दर्द देता बी मिस, दर्द लेता बी.”

“कब देता, कब लेता?”

त्याने खांदे उडवले. “उसकी मर्जी, मिस.”

त्याच्या आईकडे पाहून मी म्हणाले, “चमड़ी भी आपकी ही है, बहन. मेरे पास अमानत है.” तिला ते नीट कळले की नाही, ठाऊक नाही. तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी तो आला. हजेरी झाल्यावर मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “उस दिन गलती मेरी थी.” पोरे एकमेकांकडे बघत राहिली. टीचर असे बोलतात, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मी त्याची वही त्याला परत दिली आणि फळ्याकडे वळले.

त्यानंतर माझा हात कधी शिवशिवलाच नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. साठ मुलांच्या वर्गात, जूनच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना तो शिवशिवतो. मग मी खडू उचलते. तो मुलगा आता नववीत आहे. गणितात अजून कच्चा आहे. मधल्या सुट्टीत मी त्याला दहा-पंधरा मिनिटे घेऊन बसते. चित्रे काढतोच, पण आता गणित झाल्यावर.